मुंबईची ३९ मिनिटं

अमेरिकेतली घड्याळं पुढे सरकतात त्याच रविवारी फोर्टातली घड्याळं बघत केलेली एक भटकंती. सोबतीला एक वैतागलेली रूममेट, एक पाण्याची बाटली आणि एक साधा प्रश्न : किती वाजले, हे ठरवतं कोण?

मार्च उजाडला की माझ्या रूममेटच्या मोबाइलवर ऑफिसचा मेसेज येतो. दोनच ओळींचा. सोमवारपासून समर टायमिंग. पिकअप एक तास आधी. बस्स!

आम्ही दोघी ठाण्यात राहतो. ती ऐरोलीला एका अमेरिकन प्रोसेसमध्ये आहे. थंडीत तिची गाडी संध्याकाळी साडेसहाला येते. आता ती साडेपाचला येणार, थेट नोव्हेंबरपर्यंत.

तुम्ही म्हणाल, एका तासानं असं काय बिघडतं? आमचं बिघडतं. मी फ्रीलान्सर, म्हणजे दिवसभर लॅपटॉपसमोर नाहीतर लोकलमध्ये. ती सकाळी झोपते आणि दुपारी उठते. दोघीही जाग्या आणि मोकळ्या असतो तो एकच तास, पाच ते सहा. त्या तासात आम्ही तलावपाळीला चक्कर मारतो, भेळ खातो, भाड्यावरून भांडतो, उजेड कलायला लागला की घरी येतो. दरवर्षी अमेरिका नेमकी त्याच तासावर हात मारते.

यंदा भरीला आणखी एक भानगड होती. तिला डे-शिफ्टची ऑफर आली होती. काम साधारण तेच, पण क्लायंट इथला आणि पगार सहा हजारांनी कमी. उत्तर सोमवारी द्यायचं होतं.

‘‘पण हे ठरवलं कुणी गं?’’ शनिवारी रात्री ती करवादली. ‘‘तिकडं उन्हाळा आला म्हणून मी का लवकर उठायचं?’’

मास कॉमची डिग्री घेतल्याचा एवढा एकच फायदा. घरातलं भांडणही स्टोरीसारखं दिसायला लागतं. म्हटलं, चल उद्या फोर्टात. दाखवते कुणी ठरवलं ते.

रेल्वेची वेळ, म्युन्सिपाल्टीची वेळ

रविवार म्हणजे मेगाब्लॉक. लोकल रखडत रखडत सीएसएमटीला पोचली. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी धावली ती याच मार्गावर, बोरीबंदर ते ठाणे. आमची कहाणीही तिथूनच सुरू होते, कारण वेळेची सगळी भानगड रेल्वेनं लावून दिली.

त्याआधी प्रत्येक गावाची वेळ आपापली होती. सूर्य डोक्यावर आला की बारा. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, त्यामुळे पूर्वेच्या गावात बारा आधी वाजणार आणि पश्चिमेच्या गावात नंतर. अगदी काटेकोर हिशोब केला तर ठाण्यात मुंबईच्या अर्धा मिनिट आधी माध्यान्ह होते! नागपुरात सुमारे पंचवीस मिनिटं आधी. बैलगाडीनं किंवा घोड्यावरून जाणाऱ्याला याचा काहीच फरक पडत नव्हता. आगगाडीला पडला. प्रत्येक स्टेशनाचं घड्याळ वेगळं असेल, तर टाइमटेबल छापायचं कसं? आणि एकाच रुळावर समोरासमोर दोन गाड्या आल्या म्हणजे?

इंग्लंडमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं १८४० मध्येच आपल्या सगळ्या स्टेशनांवर लंडनची वेळ लावली. ब्रिस्टलच्या लोकांना ते रुचलं नाही. तिथल्या कॉर्न एक्स्चेंजच्या घड्याळाला आजही दोन मिनिटकाटे आहेत. एक लंडनचा, दुसरा दहा मिनिटं मागचा, खास ब्रिस्टलचा. अमेरिका आणि कॅनडातल्या रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ ला आपापसात ठरवून टाइम झोन लागू केले. त्यासाठी तेव्हा कुठलाही कायदा झाला नव्हता. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनला पंचवीस देशांची परिषद भरली. ग्रीनिचचा रेखांश शून्य मानायचा, असं तिथं मतदानानं ठरलं. फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. जगाची वेळ मतांनी ठरली, हे ऐकून रूममेटनं पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर केली.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे रेल्वेनं मद्रासची वेळ धरली. तिथं वेधशाळा होती, शिवाय मुंबई आणि कलकत्ता या दोन टोकांच्या मधली म्हणून ती सोयीची. कलकत्त्याचं घड्याळ मुंबईच्या तासाभराहून थोडं पुढे असायचं आणि मद्रासचं अर्धा तास. म्हणजे गाडी पकडायची तर शहराच्या घड्याळात अर्धा तास मिळवून घराबाहेर पडायचं. त्या काळी किती जणांची गाडी चुकली असेल!

सीएसएमटीच्या मुख्य दारातून बाहेर या आणि समोर बघा. रस्त्यापलीकडे महापालिकेची इमारत उभी आहे. दोन्ही वास्तू एकाच आर्किटेक्टच्या, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या. आपण रोज त्यांच्यामधून सबवेनं पळत जातो. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या वेळा होत्या. इकडे रेल्वेची, तिकडे म्युन्सिपाल्टीची. आणि मधलं अंतर ३९ मिनिटांचं.

दीड घटकेचा दंगा

झालं असं. सगळ्या देशाला एकच वेळ हवी, असं सरकारनं ठरवलं. त्यासाठी ग्रीनिचच्या बरोबर साडेपाच तास पुढचा, साडेब्याऐंशी अंशांचा रेखांश निवडला. तो जातो उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून. १९०५ मध्ये रेल्वे आणि तारखात्यानं ही प्रमाणवेळ लावली आणि १ जानेवारी १९०६ पासून ती सरकारी वेळ झाली. मुंबई पडली मिर्झापूरच्या बरीच पश्चिमेला. तिची स्वतःची वेळ ग्रीनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटं पुढे. म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी मुंबईकरांना घड्याळ ३९ मिनिटं पुढे करायला सांगितलं गेलं. जुन्या हिशोबात सांगायचं तर घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे दीड घटकेहून थोडं जास्त.

एवढ्याशा गोष्टीनं शहर पेटलं. त्याच जानेवारीत हजारो गिरणीकामगारांनी काम करायला नकार दिला आणि गिरणीवर दगड भिरकावले. त्यांचा मुद्दा सरळ होता. भोंगा नव्या वेळेनं वाजणार, म्हणजे थंडीच्या दिवसांत ३९ मिनिटं आधी, अंधारात घर सोडायचं. विजेचे दिवे आल्यापासून गिरण्यांचा दिवस तसाही लांबत चालला होता. आता सकाळही गेली. शहरात सभा झाल्या आणि निषेधाच्या अर्जावर पंधरा हजारांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. तीनच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १९०५ मध्ये, बंगालची फाळणी झाली होती. सरकारनं परस्पर काही ठरवलं की लोकांचं डोकं फिरत होतं. सरकारनं लोकांना विश्वासात घेतलं नाही, असं म्हणत फिरोजशहा मेहतांनीही विरोध केला. महापालिकेनं आपला कारभार ‘मुंबई टाइम’वरच ठेवला आणि सरकारी वेळेला ‘स्टँडर्ड टाइम’ म्हणायची पद्धत पडली.

हे किती दिवस चाललं असेल? महिना? वर्ष? छे! स्वातंत्र्य आलं, कलकत्त्यानं १९४८ मध्ये आपली वेगळी वेळ सोडली, तरी मुंबईचा हट्ट पार पन्नासच्या दशकापर्यंत टिकला.

माझ्या आजीनं तिची लग्नपत्रिका अजून जपून ठेवली आहे. मुहूर्ताच्या वेळेपुढे कंसात छापलंय, ‘स्टँ. टा.’ लहानपणी मला वाटायचं, ही एसटी स्टँडची वेळ असणार. वऱ्हाड लाल डब्यानं आलं असेल आणि स्टँडवर उतरून थेट मांडवात! खरा अर्थ मला फार उशिरा कळला. त्या दोन अक्षरांशिवाय अर्धी मंडळी ३९ मिनिटं उशिरा पोचली असती आणि अक्षता टाकायच्या राहून गेल्या असत्या.

‘‘म्हणजे कामगारांना नवरानवरीइतकंही कुणी विचारलं नाही,’’ रूममेट म्हणाली. मी डायरीत लिहून घेतलं.

किडे, घोडा आणि महायुद्ध

चालत चालत बाजारगेटकडे वळलो. तिथं बोमनजी होरमसजी वाडिया यांच्या नावाचा छोटासा क्लॉक टॉवर आहे, अग्यारीची आठवण करून देणारा. अलीकडेच त्याची डागडुजी झालीय. पूर्वी अशा घड्याळांवरच रस्त्यावरच्या माणसाचा दिवस चालायचा, कारण मनगटावर घड्याळ असणं ही चैन होती. मग भूक लागली म्हणून एका इराण्याकडे शिरलो. बनमस्का, पानी कम चहा, आणि तिचा मूळ प्रश्न. हे समर टायमिंगचं खूळ कुणाचं?

खूळ दोघांचं. पहिला न्यूझीलंडचा जॉर्ज हडसन. पोस्टात नोकरी आणि किडे गोळा करायचा नाद. शिफ्ट संपल्यावर उजेडात किडे पकडता यावेत म्हणून त्यानं १८९५ मध्ये सुचवलं की उन्हाळ्यात घड्याळं दोन तास पुढे करा! म्हणजे या कल्पनेचा जनक चक्क शिफ्ट करणारा माणूस होता. हे ऐकून रूममेटला त्याच्याबद्दल थोडी माया वाटली.

दुसरा लंडनचा बिल्डर विल्यम विलेट. सकाळी घोड्यावरून रपेट मारताना त्याच्या लक्षात आलं की ऊन वर आलंय, पण घरांचे पडदे बंदच. १९०७ मध्ये त्यानं स्वखर्चानं पत्रक छापलं. उन्हाळ्यात एकूण ८० मिनिटं वाचवायची, एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं करून. लोकांनी टिंगल केली, पार्लमेंटनं विधेयक फेटाळलं आणि १९१५ मध्ये विलेट वारला. दुसऱ्याच वर्षी, ३० एप्रिल १९१६ ला, महायुद्धात कोळसा वाचवायला जर्मनीनं घड्याळं पुढे केली. तीनच आठवड्यांत ब्रिटननंही. जे एका माणसाला आयुष्यभरात जमलं नाही, ते युद्धानं करून दाखवलं. अमेरिकेनं १९१८ मध्ये री ओढली. सध्याची तिथली पद्धत, मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार, २००७ पासूनची.

आपणही यातून सुटलो नव्हतो बरं का. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारतातली घड्याळं आणखी एक तास पुढे होती. म्हणजे मुंबईच्या जुन्या वेळेपेक्षा तब्बल १ तास ३९ मिनिटं!

‘‘तरीच,’’ रूममेट बनमस्क्याचा शेवटचा तुकडा चहात बुडवत म्हणाली, ‘‘ऐंशी वर्षं झाली, मी अजून त्यांच्याच युद्धाच्या टायमिंगवर काम करतेय.’’

साडेबारा की बारा?

ओव्हल मैदानावर पोचलो तेव्हा बारा वीस झाले होते. एकाच वेळी दहा-बारा मॅचेस चालू. कुठला फिल्डर कुठल्या टीमचा ते देवालाच ठाऊक. आणि पलीकडे राजाबाई टॉवर. २८० फूट उंच, १८७८ मध्ये बांधून पूर्ण झालेला. पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव दिलं आईचं. राजाबाईंना दिसत नव्हतं. सूर्यास्तापूर्वी जेवायचा जैन नेम पाळता यावा म्हणून घड्याळाचे टोले, अशी गोष्ट सांगतात. खरी असो-नसो, मला ती आवडते. घड्याळ कुणासाठी, याचं इतकं सरळ उत्तर दुसरीकडे मिळत नाही.

१९०६ चं भांडण हे मुंबईचं दुसरं भांडण. पहिलं या मनोऱ्याखाली झालं. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसननं सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावायचा हुकूम काढला. शहर बिथरलं. विद्यापीठाच्या या घड्याळात वेळ कुणाची दाखवायची, सरकारची की शहराची, यावरून वाद झडला. शेवटी सरकारनं माघार घेतली आणि १८८३ मध्ये मुंबईला मुंबईची वेळ परत मिळाली.

आता आमचा प्रयोग. एका टीमची मॅच संपली होती, त्यांचा एक स्टंप मागून घेतला आणि जमिनीत सरळ रोवला. सावली फूटभर. तिच्या टोकाला पाण्याच्या बाटलीचं झाकण ठेवलं.

बरोबर साडेबारा. रूममेटनं मोबाइल पुढे केला. त्यावर दोन घड्याळं असतात, मुंबईचं आणि न्यूयॉर्कचं. तिकडे मध्यरात्रीनंतरचे दोन वाजायचे होते. एक एकोणसाठ... आणि एकदम तीन. एक अख्खा तास डोळ्यांदेखत गायब. आवाज नाही, टोला नाही. शेजारच्या पिचवर कुणीतरी एलबीडब्ल्यूचं अपील केलं, एवढंच.

आणि सावली? ती अजून आखडतच होती. बारा चाळीस... बारा पंचेचाळीस... झाकण पुन्हापुन्हा सरकवावं लागत होतं. एकला अकरा मिनिटं कमी असताना ती थांबली आणि मग हळूहळू लांबायला लागली. मुंबईच्या सूर्याचे बारा आत्ता वाजले! सूर्य काही वर्षभर घड्याळाच्या शिस्तीत चालत नाही. मुंबईची माध्यान्ह नोव्हेंबरात १२.२२ ला होते, तर फेब्रुवारीत १२.५३ ला. सरासरी काढा, १२.३९. तीच ती ३९ मिनिटं. म्युन्सिपाल्टीनं ती सोडून दिली, सूर्यानं नाही.

‘‘म्हणजे गिरणीवाल्यांचं बरोबर होतं,’’ ती म्हणाली.

होतं. पण गोष्ट तिथं संपत नाही, आणि हे मलाही त्या मैदानात उभं राहिल्यावरच नीट उमगलं. घड्याळ पुढे केलं की सकाळचा उजेड कमी होतो, पण तो संध्याकाळच्या खात्यात जमा होतो. जुनी वेळ असती तर नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईत सूर्य पाच वीसला बुडाला असता. आता सहाला बुडतो. ऑफिस सुटल्यावर मरीन ड्राइव्हवर सूर्यास्ताचे फोटो काढणारे तुम्ही-आम्ही गेली कित्येक वर्षं ३९ मिनिटांच्या कायमच्या ‘डेलाइट सेव्हिंग’वर जगतोय. आमचा तलावपाळीचा तासही त्यातलाच. ज्या बदलाविरुद्ध शहर लढलं, त्याचीच भेळ आम्ही खातोय!

देशाच्या दुसऱ्या टोकाला मात्र उलटं. दिब्रुगडला डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. म्हणून आसामच्या चहामळ्यांनी स्वतःपुरती तासभर पुढची ‘बागान टाइम’ ठेवली आहे. २०१८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी देशाला दोन प्रमाणवेळा कशा देता येतील याचा आराखडा मांडला. ही प्रयोगशाळाच देशाची अधिकृत वेळ राखते. तरी देशाची वेळ आजही एकच आहे.

तर, किती वाजले हे ठरवतं कोण? रेल्वे, सरकार, परिषद, युद्ध. आणि प्रत्येक वेळी कुणाचा तरी उजेड जातो, कुणाला तरी मिळतो. मुंबईनं ३९ मिनिटांसाठी जवळजवळ अर्धं शतक भांडण केलं, ते आपल्याला विचारलं नाही म्हणून. आमच्या पिढीला दोन ओळींचा मेसेज येतो आणि आम्ही अलार्म बदलतो.

हे मी जरा जोरात बोलले असणार. कारण रूममेट म्हणाली, ‘‘भाषण छान आहे. पण माझे सहा हजार तुझा मिर्झापूरचा रेखांश देणारे का?’’

आमची वेळ

संध्याकाळी तलावपाळीला गेलो. या मोसमातला शेवटचा पाच ते सहा. सूर्य मावळेपर्यंत बसलो, पावणेसातपर्यंत. मासुंदा तलावात बोटी फिरत होत्या. भेळवाल्यानं नेहमीप्रमाणे तिखट जास्त घातलं. तिनं गावाकडच्या घराच्या हप्त्याचा हिशोब मला तोंडी सांगितला. त्यात सहा हजार कुठंच बसत नव्हते.

सोमवारी तिनं डे-शिफ्टला नाही म्हणून कळवलं. पिकअप साडेपाचला आला. नोव्हेंबरपर्यंत समर टायमिंग.

पण रात्री जाताना दारावर एक चिठ्ठी लावून गेली. ‘नवी वेळ : सकाळी सहा, तलावपाळी. मी झोपायच्या आधी, तू उठल्यावर.’ आणि कंसात, ‘ठा. टा.’

ठाणे टाइम.

मंगळवारी मी गेले. बुधवारीही. तलावावर उजेड फुटत असतो, फिरायला आलेल्या आजोबांचा हास्यक्लब जोरात असतो आणि भेळेऐवजी कटिंग मिळतो. गुरुवारी मी अलार्म बंद करून झोपले, तर सव्वासहाला तिचा फोन. ‘‘अगं, दंगा करू का?’’

केस न विंचरताच पळाले.

तुम्हीही निघताय?

* सुरुवात सीएसएमटीपासून करा. समोरच महापालिका. दोन्ही इमारती एका नजरेत मावतील असं उभं राहा.
* तिथून बाजारगेट, पेरिन नरिमन स्ट्रीटवरचा वाडिया क्लॉक टॉवर. मग फोर्टातून रमतगमत ओव्हल. राजाबाई टॉवर सगळ्यात छान दिसतो तो मैदानातूनच. परतीला चर्चगेट जवळ.
* रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात. मध्य रेल्वेनं येणार असाल तर मेगाब्लॉक बघून निघा.
* सावलीचा प्रयोग करायचाच, तर ढग नसलेला दिवस निवडा. एप्रिलच्या किंवा जूनच्या मध्याला गेलात तर सावली अगदी १२.३९ च्या सुमाराला सगळ्यात छोटी होते. टोपी न्या. आणि स्टंप परत करायला विसरू नका.